कुकडीच्या खोऱ्यात कार्तिकात काय काय फुलतं? (पाणी ओसरल्यानंतरचा हंगाम)

नदीकाठची

दसरा झाला की रानफुलांचे फोटो यायचे थांबतात. सड्यांवरची, पठारांवरची फुलं आटोपलेली असतात, गवत पिवळं पडतं आणि "आता पुढच्या पावसाळ्यात" असं म्हणून सगळे गप्प बसतात. नदीच्या पात्रात मात्र हंगाम तेव्हाच सुरू होतो. चार महिने पाण्याखाली असलेला खडक, वाळू आणि गाळ हळूहळू उघडा पडतो आणि उघड्या पडलेल्या प्रत्येक पट्ट्यावर त्याची त्याची झाडं फुलायला लागतात. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, म्हणून हा धागा कुकडीपासून सुरू करते. बाकीच्यांनी आपापल्या नद्यांची भर घालावी.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: कुकडी उगम पावते नाणेघाटाच्या अंगाला, पूर गावच्या कुकडेश्वराच्या देवळाजवळ. तिथून माणिकडोह धरण, मग जुन्नर, मग नारायणगावजवळ येडगावचं धरण. पुढे पुणे आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांच्या शिवेवरून निघोजचे रांजणखळगे ओलांडून ती घोड नदीला मिळते. वर धो धो पाऊस आणि भातखाचरं, खाली पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. एकाच नदीवर दोन वेगळी जगं आहेत, त्यामुळे फुलंही वेगवेगळी.

सगळ्यात आधी वाळुंज. आपल्याकडे विलोचं झाड असतं हे अनेकांना खरं वाटत नाही, पण वाळुंज हा देशी विलोच आहे, सॅलिक्स टेट्रास्पर्मा. पावसाळा संपला की त्याला कोवळी पालवी आणि लोंबते तुरे एकदमच येतात. नराचे तुरे पिवळे, मंद वासाचे. सकाळी झाडाखाली उभं राहिलं की वर मधमाश्यांचा आवाज भरून राहिलेला असतो. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीच्या तुऱ्यांची पुढे बोंडं होतात आणि ती फुटली की कापसासारखं बी पाण्यावर तरंगत जातं.

पात्राच्या मधोमध, खडकाच्या फटीत, झाऊ. टॅमरिक्स एरिकॉइडिस. पानं इतकी बारीक की फांदीला नुसते खवले चिकटल्यासारखी दिसतात, आणि शेंड्याला गुलाबी फुलांची दाट मंजिरी. पुराच्या वेळी हे झुडूप पूर्ण आडवं होतं, वरून गाळ-कचरा वाहून जातो, आणि पाणी उतरलं की ते पुन्हा उभं राहून फुलायला लागतं. मला या सगळ्या मंडळींत हेच सगळ्यात प्रिय आहे.

काठाच्या दलदलीत तालिमखाना. निळी-जांभळी ओठाळ फुलं आणि प्रत्येक पेराशी सहा लांब काटे. फोटो काढायला वाकाल तर जपून. त्याच्याच शेजारी शेरळ, गुलाबी कणसांची. जरा वर, कोरड्या काठावर निर्गुडीचे निळसर तुरे, आणि दरडीवर तरवड, पिवळाधमक. नवरात्रात घटावर ज्याच्या फुलांची माळ चढते तोच हा तरवड. घट उठले म्हणून तो फुलायचा थांबत नाही, दिवाळीनंतरही तितकाच भरलेला असतो.

आणि धरणांच्या मागच्या बाजूला, पाणी मागे सरकेल तसा जो काळा गाळ उघडा पडतो, त्यावर गोरखमुंडी, माशीपत्री, जलपिंपळी, भरजांभूळ. सगळी जमिनीलगतची. चालताना पायाखाली येतात म्हणून कुणी बघत नाही. गोरखमुंडीचे जांभळे गेंद मार्गशीर्षात खरे रंगात येतात, कापणी झालेल्या भातखाचरांतही दिसतात.

फोटो संध्याकाळी टाकते. तुमच्याकडे काय फुललंय?

भटक्या_विमुक्त_०७

काय सुंदर लिहिलंयस ताई! वाचनखूण साठवली. मागच्या आठवड्यात नाणेघाटात होतो. जंगलाच्या सावलीत गुडघ्याएवढं झुडूप, निळी-जांभळी फुलं, काही लालसर पडलेली. एकाच दांड्यावर दोन रंग. हे काय असेल? आणि घाटाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केशरी फुलांचे ताटवेच्या ताटवे आहेत, तेही देशी का?

वनस्पतीशाळा

भटक्या, पहिली दशमुळी. एरँथेमम रोझियम. पश्चिम घाटाची खास आपली वनस्पती. फुल उमलताना निळं असतं, शिळं होताना लालसर गुलाबी होतं, त्यामुळे दोन रंग दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. सावली लागते, त्यामुळे झाडी तुटली की ती जाते.

केशरी फुलांचं म्हणशील तर ते कॉसमॉस, मेक्सिकोचं. बागेतून सुटलं आणि रस्त्यांच्या कडेने पसरत चाललंय. दिसायला देखणं आहे, त्यामुळे कुणी उपटत नाही. काही ठिकाणी तर लोक मुद्दाम बी फेकतात, "निसर्ग फुलवला" म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या उतारावर कॉसमॉस दाट होतं तिथली कुरडू, तुंबा, खुळखुळा ही मंडळी दोन-तीन पावसाळ्यांत विरळ होत जातात, असं मी माझ्या नेहमीच्या वाटेवर बघते आहे.

नदीकाठची, धाग्याची सुरुवात फार चांगली झाली आहे. एक भर घालते. तुम्ही सांगितलेल्या झाऊसारख्या झुडपांचा एक वेगळा गटच असतो, वाहत्या पाण्याच्या मारात जगणाऱ्यांचा. चिवट, लवचिक खोड, खडकात घट्ट गेलेली मुळं आणि पाण्याला अडवणार नाहीत अशी अरुंद पानं. आपल्याकडच्या नद्यांत या गटातली तीन झुडपं ठळक: झाऊ, शेरणी (होमोनोइया रिपारिया) आणि रोटुला अ‍ॅक्वाटिका. शेरणी जरा उशिरा, थंडी सरताना फुलते. रोटुलाची फुलं गुलाबी-फिकट जांभळी. दक्षिणेत तिच्या मुळ्या पाषाणभेद म्हणून औषधात वापरतात.

थिओडोर कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. नदीपात्रातली ही झुडपं त्यात आहेत. तेव्हा दख्खनच्या नद्यांवर मोठी धरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज पुण्यातल्या मुठेच्या पात्रात झाऊ शोधायला निघालात तर कळेल काय गेलंय ते.

बळीराजा_आळे

राम राम मंडळी. मी शेतकरी, ऊस आणि टोमॅटो करतो. कुकडीकाठचाच. ताईंनी लिहिलं ते खरं हाय, पण एक गोष्ट राहिली ती सांगतो.

पाऊस थांबला की ऑक्टोबरात आमच्याकडं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे, म्हंजी पाणी अडवायच्या फळ्या, बसवतात. म्हंजी पाणी जेव्हा आपोआप उतरायला लागतं, नेमकं तेव्हाच बंधाऱ्याच्या मागं ते परत चढतं. दिवाळीला पात्रात जो खडक उघडा पडायचा तो आता मार्च-एप्रिलला पडतो. माझ्या लहानपणी आम्ही ज्या खडकावर बसून आंघोळी करायचो तिथं ही गुलाबी तुऱ्याची झुडपं होती. आमच्या आजीला त्याचं नाव माहीत होतं, मला नाही. आता तो खडक पाण्याखालीच असतो.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बंधारा नसता तर आमचा ऊस उभा राहिला नसता आणि पोरं शिकली नसती. पण फुलं कुठं गेली असं कुणी विचारलं तर उत्तर हे हाय.

दुसरं, वाळू. वाळू उपसून पात्राचा पार खड्डा झालाय. झाडाला धरायला काही उरलंच नाही.

आणि ताई, कास राहिलं तुमच्या यादीत. पांढऱ्या तुऱ्यांचं गवत. आम्हाला बांधावर ते नको असतं, एकदा शिरलं की मुळ्या निघत नाहीत. पण दिसतं सुंदर, हे कबूल करायला लागतं.

नदीकाठची

बळीराजा दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी थांबलेच. ढाप्यांचं हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी गेली काही वर्षं बघते आहे की बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला, जिथे पाणी पातळ वाहतं, तिथे झाऊ अजून टिकून आहे आणि वरच्या बाजूला नाही. त्याचं कारण तुमच्या चार ओळींत आलं.

कास मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण नोव्हेंबर संपता संपता त्याचे तुरे झडायला लागतात. पण सांगितलंत ते बरं झालं.

वनस्पतीशाळा

दादा, कासाबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. तुमच्या बांधावरचं जे कास तुम्हाला नको असतं, ते तुमच्या उसाच्या पूर्वजांपैकी आहे.

कोइम्बतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास संस्था निघाली. तिथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, गोड पण नाजूक उसाचा या रानटी कासाशी संकर केला. सॅकरम स्पाँटेनियम हे कासाचं शास्त्रीय नाव. त्यातून को २०५ ही जात आली, १९१८ मध्ये ती लागवडीसाठी दिली गेली. रोगाला दाद न देण्याची ताकद, पाण्याचा ताण सोसण्याचा चिवटपणा, तोडणीनंतर खोडव्याला पुन्हा फुटवे फुटणं, हे गुण उसात आले ते कासाकडून. आज जगात लागवडीखाली असलेल्या जवळजवळ सगळ्या उसात कासाचा अंश आहे. तुम्ही लावत असाल त्या को ८६०३२ मध्येही आहे.

म्हणून रानटी कासाचे वेगवेगळे नमुने जपणं हा शेतीचाही प्रश्न आहे. उद्या नवा रोग आला तर पैदासकार पुन्हा नदीकाठीच येणार.

बळीराजा_आळे

मॅडम, हे आमच्या कारखान्याच्या मेळाव्यात कधी कुणी सांगितलं नाही. सगळं कास काढू नका, असं आता मीच सांगतो. नदीच्या अंगाचं राहू द्या, शेतातलं तेवढं काढा.

दाभोळखाडी

कोकणातून लिहितोय. आमच्या वाशिष्ठीच्या खोऱ्यात, वरच्या ओढ्यांत आता जे चाललंय ते बघायला बहुतेक लोक जातच नाहीत. पाणी कमी झालं की धबधब्याखालच्या, खळाळाच्या दगडांवर काळपट-लालसर शेवाळासारखं काहीतरी दिसतं. त्यावर बारीक फुलं. ते शेवाळ नाहीच, फुलणारी वनस्पती आहे. पोडोस्टेमेसी कुळातली. याबद्दल जाणकारांनी लिहावं, मी नुसता बघणारा आहे.

वनस्पतीशाळा

दाभोळखाडी, तुम्ही या धाग्यातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर विषय काढलात.

या कुळातल्या वनस्पतींना आपण ओळखतो तशी मुळं-खोड-पानं नसतात. सपाट, चिकट पापुद्र्यासारखं शरीर थेट खडकाला डकवलेलं. पावसाळाभर त्या जोरदार वाहत्या, हवा मिसळलेल्या स्वच्छ पाण्याखाली वाढतात. पाणी उतरून खडक उघडा पडायला लागला की त्यांना फुलायची वेळ झाली असं कळतं. मग सगळं झपाट्याने: कळी, फुल, बोंड, बी, आणि ऊन लागून ती वनस्पती वाळून जाते. बी धुळीसारखं बारीक असतं. ओलं झालं की त्याचं वरचं आवरण बुळबुळीत, चिकट होतं आणि ते खडकाला धरून बसतं. पुढच्या पावसाचं पहिलं पाणी येतं तेव्हा त्याने आपली जागा पकडलेली असते.

आता बळीराजांनी सांगितलेली ढाप्यांची गोष्ट इथे लावून बघा. पाणी उतरलंच नाही तर फुलणं नाही. पाणी भलत्याच वेळी चढलं तर बी तयार व्हायच्या आधी सगळं बुडालं. पाणी साचलं, गढूळ झालं तर खडकावर गाळ बसतो आणि मग चिकटायला जागा नाही. या वनस्पतींना नुसतं पाणी पुरत नाही, पाण्याचं वेळापत्रक लागतं. धरण, बंधारा, आवर्तन (धरणातून पाळीपाळीने सोडलेलं पाणी) यांनी नदीला पाणी मिळतं, पण वेळापत्रक बदलतं.

कुकडीच्या उगमाकडे, माणिकडोहच्या वर, ओढे अजून आपल्या चालीने वाहतात. तिथल्या खळाळांतले दगड या महिन्यात नीट बघायला हवेत. एक विनंती: खरवडून नमुना घेऊ नका. फोटो पुरे.

हिरवाई_चिंचवड

सगळं छान आहे, पण मला एक सांगा. आमच्या इथल्या नदीकाठाचं सुशोभीकरण झालं. दगडी भिंत, चालायला वाट, शोभेची झाडं, हिरवळ. आधी तिथे नुसता कचरा, गाजरगवत आणि डास होते. आता माणसं फिरायला येतात. यात नुकसान काय झालं? रानफुलं पाहिजेत तर वाटेच्या कडेने लावता येतीलच की.

नदीकाठची

हिरवाई, प्रश्न मनापासून विचारलात म्हणून मनापासून उत्तर देते.

कचरा जायलाच हवा होता. गाजरगवतही जायला हवं. ते मूळचं अमेरिकेतलं, पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमाराची, आणि आज ते नाही असा रस्ता नाही. त्याबद्दल माझ्या मनात काडीची माया नाही.

पण नदीचा काठ म्हणजे एक रेघ नसते. पाण्याच्या पातळीपासून वर दरडीपर्यंत तो उतार असतो, आणि त्या उतारावर हाता-हातावर वस्ती बदलते. पाण्यात पाणकणीस, पाण्याच्या कडेला शेरळ आणि तालिमखाना, ओल्या वाळूत कास, त्याच्या वर वाळुंज आणि निर्गुडी, मग करंज, उंबर, जांभूळ. सरळ भिंत बांधली की उतारच जातो. भिंतीच्या वर बाग होते, भिंतीच्या खाली खोल पाणी. मधल्या सगळ्यांचं घर गेलं. ती झाडं वाटेच्या कडेला कुंडीत लावून भागत नाही, कारण त्यांना वर्षातून एकदा बुडायला आणि एकदा उघडं पडायला लागतं.

आमच्या माहेरच्या गावाजवळही असंच झालं. "नदी स्वच्छता" म्हणून यंत्र आलं आणि एका दिवसात काठ खरवडून नेला. त्यात वाळुंजाची जुनी झाडं गेली. पुढच्याच पावसाळ्यात तिथली दरड कोसळली आणि काठच्या एका शेताची पट्टी नदीत गेली. ज्यांनी काम केलं त्यांनी ते चांगल्या हेतूनेच केलं असेल, पण दरड मुळांनी धरलेली असते हे कुणीतरी त्यांना आधी सांगायला हवं होतं.

प्लास्टिक उचला, जलपर्णी काढा, बेशरम काढा, घाणेरी काढा. बाकीचं हात लावण्याआधी ओळखा. मला या धाग्यातून एवढंच हवंय. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही ते सगळं "झाडोरा" म्हणून जातं.

हिरवाई_चिंचवड

उताराचं लक्षात आलं. आमच्याकडे भिंत अजून सगळीकडे झालेली नाही, पुलाच्या पलीकडे मोकळा काठ शिल्लक आहे. रविवारी जाऊन बघते. काय ओळखायचं ते थोडक्यात द्याल का, म्हणजे परकी कोणती आणि आपली कोणती?

वनस्पतीशाळा

नोव्हेंबर-डिसेंबरात नदीकाठी हमखास भेटणारी परकी: जलपर्णी (फिकट जांभळी, पाण्यावर तरंगणारी, दक्षिण अमेरिकेची), बेशरम (गुलाबी घंटेसारखी फुलं, उंच वाढतं, तेही तिकडचंच), घाणेरी, गाजरगवत, रानतुळस म्हणून ओळखली जाणारी उग्र वासाची निळ्या फुलांची हिप्टिस, पिवळा धोत्रा, एकदांडी, ओसाडी, आणि कॉसमॉस. ही नावं ऐकून लोकांना धक्का बसतो, कारण लहानपणापासून बघितलेली असतात. एकदांडीचा पाला जखमेवर चोळून आपण मोठे झालो, पण ती मूळची अमेरिकेची.

आपल्यांपैकी सोपी: निर्गुडी (पाच बोटांचं पान, चुरगळलं की वास), शेरळ, तालिमखाना, माका, तुंबा, कुरडू, तरवड, काटेरी पिवळी वज्रदंती, पाणकणीस. वाळुंज असला तर नशीबच.

एक सावधगिरीचं सांगते. शेरळ आणि पाणकणीस देशी आहेत, पण सांडपाण्यातही जोमात वाढतात. त्यांचा दाट हिरवा पट्टा दिसला म्हणून पाणी चांगलं असं समजू नका. उलट झाऊ, रोटुला किंवा पोडोस्टेमेसी दिसली तर तिथली नदी अजून पुष्कळशी नदीसारखी वागते आहे असं खुशाल माना.

पाकोळी

धाग्यावर फुलपाखरांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तालिमखान्याच्या ताटव्याजवळ अर्धा तास शांत बसा. केशरी-तपकिरी पंखांवर मोरपिसासारखे डोळे असलेलं जे फुलपाखरू दिसतं (पीकॉक पॅन्सी), त्याची मादी याच झाडावर अंडी घालते. काळ्या काटेरी अळ्या पानांवर सापडतील. तालिमखाना काटेरी म्हणून काठावरून कापून टाकला की ही पिढी गेली.

खुळखुळा जिथे आहे तिथे दुसरी गंमत. निळ्या पट्ट्यांची काळी फुलपाखरं (ब्लू टायगर) वाळलेल्या शेंगा आणि खरचटलेली पानं चोखत बसतात. मध नसतो त्यात. त्या झाडातली अल्कलॉइड द्रव्यं नरांना हवी असतात, मादीला आकर्षित करणारा गंध त्यातूनच बनतो, शिवाय पक्ष्यांना ते बेचव लागतात. म्हणून खुळखुळा वाळला तरी लगेच उपटू नये.

सई_च्या_आईने

मुलींना घेऊन जायचंय, एक चौथीत आणि एक बालवाडीत. निघोजचे खळगे बरे का उगमाकडचा भाग? आणि या भागात बिबट्याच्या बातम्या सारख्या येतात, त्याचं काय?

बळीराजा_आळे

ताई, बिबट्या हाय, खोटं सांगणार नाही. उसात असतो. सकाळी ऊन वर आल्यावर या आणि चार-साडेचारच्या आत परत फिरा. उसाच्या कडेनं लहान पोरांना पुढं पळू देऊ नका, हात धरून चाला. पोरगं खाली वाकून फुलं बघत असलं तर मोठ्या माणसानं शेजारी उभं राहावं. आम्ही आमच्या नातवंडांना हेच सांगतो.

निघोजला खळग्यांच्या कडेला लई जपा. दगड गुळगुळीत असतो आणि खळगे खोल. धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते, म्हणून आवर्तन चालू हाय का ते गावात विचारूनच पात्रात उतरा. बालवाडीतल्या पोरीला घेऊन मी तरी खळग्यांवर जाणार नाही.

नदीकाठची

दादांचं शंभर टक्के बरोबर. लहान मुलींसाठी पूरला जा. कुकडेश्वराचं देऊळ जुनं, कोरीव दगडी, बघण्यासारखं आहे आणि आसपासच्या भातखाचरांत आता गोरखमुंडी सुरू होईल. मुलांना ती फार आवडते, कारण गेंद हाताला लागतो, खोडाला दातेरी पंख असतात आणि चुरगळलं की वास येतो. खाचराच्या मालकाला विचारून बांधावरून चाला. रब्बीचा हरभरा पेरलेला असेल तर आत पाय नको.

दाभोळखाडी

आज सकाळी ओढ्यावर गेलो होतो. वनस्पतीशाळा म्हणाल्या तसं, पाण्याच्या रेषेवरचे दगड नीट बघितले. रेषेच्या खाली नुसता पापुद्रा, रेषेवर कळ्या, रेषेच्या वीतभर वर फुलं आणि त्याच्या वर वाळलेली बोंडं. एकाच दगडावर सगळ्या अवस्था एकाखाली एक. पाणी किती वेगाने उतरतंय ते त्या दगडावर वाचता येतं. फोटो टाकले आहेत.

वनस्पतीशाळा

अप्रतिम! हेच मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते आणि मुलांना खरं वाटत नाही. दगड कुठला ते लक्षात ठेवा आणि दर आठवड्याला त्याच कोनातून फोटो घ्या. तारीख लिहा. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद करा, जागा मात्र ढोबळच द्या.

बळीराजा_आळे

मंडळी, एक विचारायचं होतं. आमच्या बंधाऱ्याच्या खाली काठ ढासळतोय. ताईंनी वाळुंजाचं लिहिलं ते डोक्यात बसलंय. आमच्या गावात एक झाड शिल्लक हाय, ओढा नदीला मिळतो तिथं. त्याचं बी गोळा करायचं का फांदी लावायची?

नदीकाठची

दादा, फांदीच लावा. वाळुंजाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही, बोंड फुटल्यावर लगेच ओल्या गाळावर पडलं तरच उगवतं. फांदी मात्र सहज रुजते. अंगठ्याएवढ्या जाडीची, हातभर लांबीची, सरळ फांदी घ्या, निम्म्याहून जास्त भाग ओल्या मातीत गाडा, शेंडा वरच राहील एवढं बघा. उन्हाळाभर ओल टिकेल अशी जागा हवी, म्हणजे अगदी पाण्याच्या कडेला, पण पहिल्या लोंढ्याचा मार थेट बसणार नाही तिथे. गुरं आणि शेळ्यांपासून जपायला काटेरी फांद्यांचं कुंपण घाला.

मात्र एकाच झाडाच्या फांद्या लावल्यात तर सगळी झाडं एकाच लिंगाची होतील. तुमचं झाड नर आहे का मादी ते आताच बघून घ्या, तुरे आहेत तोवर. पिवळे, परागाने माखलेले तुरे असतील तर नर. हिरवट, बारीक बोंडं धरलेले असतील तर मादी. आमच्या माहेरच्या ओढ्यावर दोन नर झाडं आहेत. तुमचं मादी निघालं तर मी फांद्या घेऊन येते.

बळीराजा_आळे

हिरवट हायेत तुरे. बारीक बोंडंच दिसत्यात. या तुम्ही. चंपाषष्ठीनंतर या, तोवर ऊसतोड आमच्या बाजूला सरकलेली असंल, काठापर्यंत गाडी येईल.

नदीकाठची

येते दादा. फांद्या ओल्या गोणपाटात बांधून आणते. वनस्पतीशाळा, तुम्हाला जमेल का?

वनस्पतीशाळा

जमवते. येताना बंधाऱ्याच्या खालचा झाऊ बघायचाय. ढापे काढायची आणि बसवायची तारीख पाणीवापर संस्था ठरवते का पाटबंधारे खातं, ते दादा तोवर विचारून ठेवा. ढापे दोन आठवडे उशिरा बसले तर कुणाच्या पिकाला किती फटका बसेल, हे शेतकऱ्यांकडूनच समजून घ्यायला हवं.

बळीराजा_आळे

विचारतो. पाऊस लांबला त्या वर्षी ढापे उशिरा बसवले होते, तेव्हा कुणाचं अडलं नव्हतं एवढं मला आठवतंय. रब्बीच्या बैठकीत विषय काढतो.